व्हर्च्युअलबॉक्समधलं विंडोज ११: कोकणातल्या ऑफिसात पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आधी मांडणी सांगतो. डेस्कटॉपला १६ जीबी रॅम, एसएसडी, वर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम, त्यात व्हर्च्युअलबॉक्स ७ (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि आत विंडोज ११. आतल्या विंडोजकडे तीनच कामं: टॅली, डिजिटल सहीचं यूएसबी टोकन आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापणारा थर्मल प्रिंटर. मेल, स्कॅन, पत्रव्यवहार सगळं लिनक्सवरच. एवढ्या वापराला व्हीएम (व्हर्च्युअल मशिन, म्हणजे हा आतला आभासी कॉम्प्युटर; पुढे नुसतं ‘मशिन’) हा प्रकार चोख आहे. पण यूट्यूबवर ज्या अडचणी दाखवतात त्या इथे फारशा येत नाहीत. किनाऱ्यावर व्हीएम आजारी पडते ती बहुतेक वेळा बाहेरच्या कारणाने: गेलेली वीज, मे महिन्यात तापलेला कॅबिनेट, नाहीतर खाऱ्या हवेने खाल्लेला यूएसबी कनेक्टर. आणि दोष मात्र सॉफ्टवेअरच्या माथी बसतो.

मशिन तयार करताना ६ जीबी रॅम, प्रोसेसरचे २ कोअर आणि ८० जीबीची डायनॅमिक (लागेल तशी वाढणारी) डिस्क दिली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) लागतं. २०२२ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच आभासी टीपीएम देतो, त्यामुळे रजिस्ट्रीतल्या खटपटी करायची गरज उरलेली नाही. ज्या यंत्रात एकूण ८ जीबीच रॅम आहे तिथे या वाटेला जाऊ नका. आतलं आणि बाहेरचं दोन्ही रखडतं. कोअर देताना प्रत्यक्ष कोअरच्या निम्म्यावर थांबावं. जास्त दिले की वेग वाढत नाही, उलट बाहेरची सिस्टिम अडखळायला लागते आणि तिच्याबरोबर आतलीही.

इन्स्टॉल करताना परवान्याच्या अटी सापडत नाहीत असा संदेश येऊन गाडी अडली, तर आयएसओ फाइल (जिच्यावरून विंडोज बसवतो ती) खराब आहे असं लगेच समजू नका. नवीन मशिनच्या पहिल्याच पडद्यावर ‘अनअटेंडेड (आपोआप होणारं) इन्स्टॉलेशन वगळा’ हा पर्याय असतो. त्यावर खूण करून मशिन नव्याने बनवा, अडथळा जातो. आतल्या विंडोजला स्वतंत्र परवाना लागतो, तो खर्च आधीच धरून ठेवा.

आता वीज. जूनच्या पहिल्या वाऱ्यात माडाची झावळी तारेवर पडते आणि पुढचे चार महिने दिवे डोळे मिचकावत राहतात. घरगुती इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो चालू नसेल तर वीज बदलण्याच्या त्या क्षणात डेस्कटॉप रिस्टार्ट होतो. साध्या कॉम्प्युटरला हा झटका एकदा पचतो. व्हीएमला तो दुहेरी बसतो, कारण आतल्या विंडोजची फाइल सिस्टिम ही बाहेरच्या फाइल सिस्टिमवरची एक मोठी फाइल असते. त्यात आणखी एक मेख आहे, जी मॅन्युअल वाचल्याशिवाय कळत नाही. विंडोज ‘आत्ताच्या आत्ता डिस्कवर लिही’ असा फ्लशचा आदेश देतं, तो व्हर्च्युअलबॉक्स वेगासाठी एरवी दुर्लक्षित करतो. म्हणजे टॅलीला वाटतं व्हाउचर डिस्कवर उतरलं, प्रत्यक्षात ते अजून वाटेतच असतं.

यावर इलाज आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीबॉक्समॅनेज या टर्मिनलवरच्या साधनातली सेटएक्स्ट्राडेटा आज्ञा वापरून, साटा कंट्रोलरच्या ज्या पोर्टला आभासी हार्ड डिस्क जोडली आहे त्याखालची ‘इग्नोअरफ्लश’ ही किंमत ० करायची. पोर्ट बरोबर निवडा. ही सेटिंग फक्त हार्ड डिस्कला चालते; आभासी डीव्हीडी ड्राइव्हच्या पोर्टला चुकून लावायची नाही. लिहिण्याचा वेग थोडा उतरतो, पण हिशेबाच्या मशिनवर तो उतरलेलाच बरा. त्याचबरोबर स्टोरेजमध्ये साटा कंट्रोलरच्या ‘होस्ट आय-ओ कॅश’ (बाहेरच्या सिस्टिमच्या रॅममधला तात्पुरता साठा) या पर्यायावरची खूण काढलेली आहे ना, तेही पाहून घ्या.

यूपीएसला यूएसबी वायर असेल तर ती जोडून बॅटरी उतरली की मशिन आपोआप बंद होईल अशी स्क्रिप्ट लावता येते. स्क्रिप्टमध्ये एसीपीआय पॉवर बटण (आतल्या विंडोजला बंद व्हायचा इशारा) दाबायचं की ‘सेव्ह स्टेट’ करायचं, यावर माझं मत सेव्ह स्टेटच्या बाजूने आहे. लॉक स्क्रीनवर किंवा अपडेट चालू असताना विंडोज पॉवर बटणाला नेहमी दाद देईलच असं नाही. सेव्ह स्टेटमध्ये रॅम जशीच्या तशी फाइलमध्ये उतरते. ६ जीबीला तेवढी मोकळी जागा मात्र हवी. व्हर्च्युअलबॉक्सची आवृत्ती बदलण्यापूर्वी आतलं विंडोज रीतसर शटडाउन करा, कारण जुन्या आवृत्तीत साठवलेली अवस्था नव्या आवृत्तीत उघडेलच याची खात्री नसते.

झटका बसलाच तर वीज आल्याबरोबर स्टार्ट दाबायचं नाही. आधी मशिनचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. यादीत मशिनपुढे ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ दिसत असेल तर फोल्डरमधली ‘डॉट व्हीबॉक्स’ फाइल (मशिनच्या सेटिंग जिच्यात असतात ती) पाहा. बऱ्याचदा ती शून्य बाइटची झालेली असते. तिच्या शेजारीच ‘व्हीबॉक्स-प्रीव्ह’ शेपटीची आधीची प्रत असते. रिकामी फाइल बाजूला ठेवून त्या प्रतीला मूळ नाव द्या आणि व्हर्च्युअलबॉक्स पुन्हा उघडा. विंडोज सुरू झाल्यावर आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी), मग टॅलीचा डेटा तपासणं, नवी नोंद त्यानंतर. ‘अबॉर्टेड’ एवढंच लिहिलेलं असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. मशिन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

स्नॅपशॉटला, म्हणजे मशिनची त्या क्षणाची अवस्था राखून ठेवण्याच्या सोयीला, बॅकअप समजण्याचा मोह होतो. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलमध्ये जातात. साखळीतली एक फाइल गेली की तिच्या पुढचं सगळं गेलं. शिवाय साखळी वाढली की जागा खाते, आणि बाहेरची डिस्क भरली की मशिन मध्येच थांबतं. स्नॅपशॉट हटवताना फाइली एकमेकींत विलीन होतात, त्यालाही मोकळी जागा लागते. म्हणजे जागा संपल्यावर साफसफाई करायला गेलात तर तीही अडकते. अपडेटपूर्वी एक स्नॅपशॉट, चार दिवस सगळं ठीक चाललं की तो काढून टाकायचा, एवढाच त्याचा उपयोग. बॅकअप म्हणजे मशिन बंद करून केलेली फोल्डरची कॉपी, ती बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क ऑफिसात नव्हे.

मशिन सुरूच होत नाही या तक्रारीची तीन कारणं वारंवार येतात. बायोसमध्ये व्हीटी-एक्स किंवा एसव्हीएम (प्रोसेसरची व्हीएम चालवण्याची सोय, इंटेलवर पहिली, एएमडीवर दुसरी) बंद असणं हे सगळ्यात जुनं. दुसरं, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) अपडेटनंतर ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ आणि उणे १९०८ हा आकडा. कर्नलचे हेडर, जीसीसी आणि मेक (ड्रायव्हर तयार करणारी साधनं) बसवलेले आहेत का पाहा, मग सुपरयूझर होऊन व्हीबॉक्सकॉन्फिग चालवा. सिक्युअर बूट (सही नसलेल्या ड्रायव्हरला अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरवर सही लागते. रिस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (सहीची किल्ली नोंदवायची का) विचारतात, तिथे घाईत ‘कंटिन्यू’ दाबलं की किल्ली नोंदली जात नाही आणि पुन्हा तेच रडगाणं. तिसरं कारण नवं आहे. लिनक्स कर्नल ६.१२ पासून केव्हीएम (लिनक्सची स्वतःची व्हीएम चालवण्याची यंत्रणा) हे मॉड्यूल लोड होताच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय स्वतःकडे घेतं. त्रुटीत ‘व्हीएमएक्स रूट मोड’ असे शब्द दिसले तर हेच समजा. इंटेलवर केव्हीएम-इंटेल आणि एएमडीवर केव्हीएम-एएमडी हे मॉड्यूल काढलं की मशिन उठतं. कायमचं करायचं असेल तर बूटच्या ओळीत केव्हीएमचा ‘एनेबल व्हर्ट अ‍ॅट लोड’ हा पर्याय ० करा.

सहीच्या टोकनवर सगळ्यात जास्त वेळ जातो. लिनक्समध्ये आपला यूझर ‘व्हीबॉक्सयूझर्स’ गटात टाका आणि लॉगआउट होऊन परत या. नुसती टर्मिनलची खिडकी बंद केल्याने गट लागू होत नाही. यूएसबी फिल्टरमध्ये व्हेंडर आणि प्रॉडक्टचे क्रमांक ठेवा, बाकीचे रकाने रिकामे. मग नूतनीकरणानंतर त्याच मॉडेलचं नवं टोकन आलं तरी फिल्टर चालतो. ‘डिव्हाइस आधीच्या विनंतीत व्यस्त आहे’ असं आलं तर संशयित एकच: लिनक्सची स्मार्टकार्ड सेवा, पीसीएससीडी. तिने टोकन आधीच धरलेलं असतं. तिची सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही थांबवा. नुसती सर्व्हिस थांबवली तर सॉकेट तिला परत जागं करतो. मग टोकन काढून पुन्हा लावा.

एवढं करूनही टोकन किंवा प्रिंटर मधूनच गायब होत असेल, तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा. त्याच वेळेची ‘यूएसबी डिसकनेक्ट’ ओळ तिथे असेल तर व्हीएमचा काही संबंध नाही. वायर, पोर्ट किंवा कनेक्टर बघायचा. समुद्राजवळच्या ऑफिसात यूएसबी कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर चढतो. यंत्र बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, सुकू द्या, आणि पावसाळ्यात टोकन सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवा. मे महिन्यात दुपारी तीनला मशिन रखडतं आणि सकाळी पळतं, यातही व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगपेक्षा पंख्यातली धूळ बघितलेली बरी. सेन्सर्स आज्ञेने तापमान लगेच कळतं.

घड्याळाचं एक लक्षण ओळखून ठेवा. आतली वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सिस्टिममधली ‘हार्डवेअर क्लॉक यूटीसीमध्ये’ (घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर) ही खूण काढा. काही मिनिटांचाच फरक पडत असेल तर गेस्ट अ‍ॅडिशन्स (आतल्या विंडोजमध्ये बसवायची व्हर्च्युअलबॉक्सची पूरक साधनं) तो हळूहळू भरून काढतात; २० मिनिटांच्या वर गेला तरच एकदम वेळ बदलतात. मोबाइलऐवजी आतल्याच विंडोजमध्ये ओटीपी तयार करणारं अ‍ॅप चालवत असाल तर एवढा फरकही नडतो. ही मर्यादा ‘गेस्ट प्रॉपर्टी’ नावाच्या मशिनच्या सेटिंगने कमी करता येते, आकडा मिलिसेकंदांत द्यायचा.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट आतल्या विंडोजमध्ये वेगळं बसवावं लागतं आणि बाहेरचा कीबोर्ड तेव्हा इंग्रजीवर ठेवायचा. नेटवर्कला नॅट (बाहेरच्या सिस्टिमच्याच जोडणीतून आत नेट देणारा मोड) पुरेसं आहे, मोबाइल हॉटस्पॉटवरही चालतं. वाय-फायवर ब्रिज्ड मोडच्या (ज्यात मशिन नेटवर्कवर स्वतंत्र कॉम्प्युटर म्हणून दिसतं) नादी लागू नये. शेअर्ड फोल्डर फाइली नेण्या-आणण्यापुरता. टॅलीचा डेटा त्यावरून चालवलात तर फाइल लॉकच्या कटकटी हमखास.

केव्हीएम आणि त्याची खिडकी असलेला व्हर्ट-मॅनेजर हा पर्याय वेगाला सरस आहे, कर्नल अपडेटनंतरची ड्रायव्हरची रड त्यात नाही. पण त्या वेगासाठी डिस्क व्हर्टआयओ (केव्हीएमची वेगवान आभासी उपकरणं) प्रकारची ठेवली, तर विंडोज बसवताना त्याच्या ड्रायव्हरची आयएसओ जोडावी लागते, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. ज्या ऑफिसात यंत्र सांभाळणारं कोणी आहे तिथे तेच बसवा. जिथे मशिन चालू-बंद करणारी व्यक्ती हिशेबनीस आहे तिथे व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी सोपी जाते, आणि टोकन कुठल्या मेन्यूतून जोडायचं हे तिला फोनवरून सांगता येतं.