वनटीबीबी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे पावसाच्या उघडिपीचा हिशेब करणारा सी प्लस प्लसमधला प्रोग्राम आहे. भारतीय हवामान विभागाची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची पाव अंशाची जाळी (१३५ गुणिले १२९ बिंदू) तो वाचतो आणि प्रत्येक बिंदूवर जून ते सप्टेंबरात सलग किती दिवस कोरडे गेले ते काढतो. मग वर्षांची हजार वेळा फेरनिवड करून त्या आकड्यावर कितपत भरवसा ठेवावा तेही तपासतो. काम अनेक थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांवर) वाटून देणाऱ्या टीबीबी या सी प्लस प्लस लायब्ररीच्या जुन्या २०२० आवृत्तीवर तो वर्षानुवर्षं चालला. आठ महिन्यांपूर्वी मी तो वनटीबीबीच्या, म्हणजे त्याच लायब्ररीच्या नव्या रूपाच्या, २०२२ मालिकेवर आणला.

मुळात टीबीबी का, तर जाळीतले सत्तर टक्क्यांहून जास्त बिंदू समुद्रावर किंवा देशाबाहेर पडतात. तिथं मोजायला काही नसतं. जाळीचे सारखे तुकडे वाटले, तर अरबी समुद्र वाट्याला आलेला थ्रेड क्षणात मोकळा होतो आणि विदर्भ आलेला राबत राहतो. टीबीबीत मोकळा झालेला थ्रेड दुसऱ्याच्या रांगेतलं काम उचलतो. एमआयटीच्या सिल्क प्रकल्पातून टीबीबीत आलेली ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते.

पहिलंच बिल्ड अडलं. जुना टास्क हा क्लास सापडेना, कारण कामाचे सुटे तुकडे (टास्क) हातानं हाताळू देणारा जुना लो-लेव्हल टास्क एपीआय २०२१ आवृत्तीतच काढून टाकलेला आहे. टास्क_शेड्यूलर_इनिट, टीबीबीचं स्वतःचं अ‍ॅटॉमिक, पॅरलल_डू हेही गेलं. अ‍ॅटॉमिकच्या जागी स्टँडर्ड लायब्ररीतलं, पॅरलल_डूच्या जागी पॅरलल_फॉर_ईच, थ्रेडच्या मर्यादेसाठी ग्लोबल_कंट्रोल, एवढं एका दुपारी उरकलं. पण मी हातानं टास्क जोडायचो, रेफरन्स काउंट (कोणाची अजून वाट पाहायची त्याची मोजणी) सांभाळायचो, संपलेला टास्क पुन्हा वापरायचो. ते सगळं टास्क_ग्रुप आणि एकात एक पॅरलल_फॉर (फेऱ्या थ्रेडवर वाटून देणारा लूप) अशा रूपात आणायला तीन आठवडे गेले. त्या काळात मी खरोखर वैतागलो होतो. आता तो कोड उघडला की बिंदू, वर्षं आणि फेरनिवड दिसते, टास्कची जुळवाजुळव दिसत नाही. नव्यानं आलेल्या सहकाऱ्याला तो समजावायला मला अर्धा तासही लागला नाही.

खरा घोळ पुढेच झाला. कोकणातल्या एका बिंदूवर ऐन जुलैत बावीस दिवसांची उघडीप दिसली. जुलैत, कोकणात! पुन्हा चालवलं तर तो बिंदू ठीक, दुसरेच दोन बिघडलेले. एकाच थ्रेडवर चालवलं की सगळं बरोबर. कारण असं निघालं: आतला पॅरलल_फॉर संपायची वाट पाहणारा थ्रेड रिकामा बसत नाही, मिळेल ते काम उचलतो, आणि ते बाहेरच्या लूपमधलंही असू शकतं. मी प्रत्येक थ्रेडला एक कच्चा बफर, म्हणजे मधला हिशेब लिहायची जागा, दिला होता. कोकणाचा बिंदू अर्ध्यावर असताना त्याच थ्रेडनं राजस्थानातला बिंदू उचलला आणि त्याच बफरवर लिहिलं. वाट पाहणाऱ्या थ्रेडला बाहेरचं काम उचलू न देणाऱ्या आयसोलेट या फंक्शनमध्ये आतला लूप गुंडाळला आणि प्रश्न मिटला. लायब्ररीचं हे वागणं जुनंच आहे आणि दस्तऐवजात लिहिलेलंही आहे. माझ्या जुन्या कोडमध्ये असे लूप एकात एक नव्हते, म्हणून कधी गाठ पडली नाही. टास्क एपीआय सोडून येणाऱ्या प्रत्येकानं आपले थ्रेडवार बफर आधी तपासावेत असं मी कळकळीनं सांगेन.

दुसरी गोष्ट दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसर असलेल्या मशीनवरची. प्रत्येक न्यूमा नोडला (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी) स्वतंत्र टास्क_अरीना, म्हणजे थ्रेडचा वेगळा गट, बांधला, तरी वेळेत तसूभर फरक नाही. नोड ओळखायला टीबीबीबाइंड हा वेगळा भाग लागतो, त्याला मशीनची रचना ओळखणारी एचडब्ल्यूलॉक ही लायब्ररी लागते, आणि तो नसेल तर लायब्ररी एकही एरर देत नाही. नोडची यादी मागितली की मुकाट्यानं उणे एक हा एकच आकडा हातात ठेवते. ही गप्प राहण्याची सवय मला अजिबात पटत नाही. टीबीबी_व्हर्जन हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून प्रोग्राम चालवा, टीबीबीबाइंड सापडला की नाही ते सुरुवातीलाच छापून येतं. आमच्याकडे तो भाग बसवल्यावर मोठ्या फेऱ्यांत फरक स्पष्ट जाणवला.

हे सोडलं तर वेग जुन्याइतकाच आहे. तुमचा कोड फक्त पॅरलल_फॉर आणि पॅरलल_रिड्यूसवर उभा असेल तर बदल एका दिवसाचा आहे, करून टाका. हातानं टास्क जोडणारा कोड असेल तर महिनाभर राखून ठेवा आणि जुनं बिल्ड शेजारी जपा, दोन्हींचे आकडे बिंदूगणिक ताडून पाहायला. बेरजा पॅरलल_डिटर्मिनिस्टिक_रिड्यूसनं घ्या, तो दर वेळी त्याच क्रमानं बेरीज करतो. नाहीतर दर फेरीला दशांशातले शेवटचे अंक हलतात आणि खरी चूक त्या गर्दीत दिसत नाही.