साताऱ्यातलं रविवारचं अ‍ॅक्टिंग-रायटिंग वर्कशॉप : जरूर करा, फक्त फोटोचं पॅकेज घेऊ नका

राजवाड्याच्या बाजूला एका हॉलमध्ये दर रविवारी अ‍ॅक्टिंग आणि रायटिंगचं वर्कशॉप चालतं, त्याची बॅच मी नुकतीच पूर्ण केली. ओळखीतले बरेच जण विचारतायत कसं आहे, पोराला घालू का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. फी साडेचार हजार, चहा-नाश्ता त्यातच. मी पतसंस्थेत कामाला आहे आणि गावच्या जत्रेला, गॅदरिंगला एकांकिका लिहून देते, त्यामुळे माझा ओढा रायटिंगकडे जास्त होता, पण मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच निघालं.

शिकवणारे सर स्वतः सिरियलमध्ये छोटे-मोठे रोल करतात आणि सोबत एक ताई आहेत त्या डेली सोपचे संवाद लिहितात. म्हणजे दोघंही आज त्या लाइनमध्ये कामाला आहेत, हे महत्त्वाचं. पहिल्याच दिवशी सरांनी सांगून टाकलं की आम्ही कुणाला काम मिळवून देत नाही, ज्याला तेवढ्यासाठी यायचंय त्याने आत्ताच फी परत घ्या. मग प्रत्येकाला विचारलं की घर कशावर चालतं. कोरेगावचा एक मुलगा एमआयडीसीत शिफ्टला जातो, त्याला विचारलं, "नोकरी सोडलीस का?" तो म्हणाला, "नाही सर, पण सोडायचा विचार आहे." त्यावर सरांनी भाषण दिलं नाही, फळा पुसला आणि नावं लिहायला लागले, एका बाजूला कलाकार आणि दुसऱ्या बाजूला तो आधी काय करत होता ते.

पहिलं नाव डॉ. श्रीराम लागू, आपल्या साताऱ्यात 1927 ला जन्मलेले. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात प्रॅक्टिस, मग आफ्रिकेत टांझानियाला नोकरी, आणि पूर्णवेळ नाटकात आले 1969 ला, म्हणजे चाळिशी उलटून गेल्यावर! पण त्याच्या आधी पण नाटक चालूच होतं बरं का, हौशी म्हणून वर्षानुवर्षं करत होते, सरांनी याच्यावर फार जोर दिला. मग सयाजी शिंदे, जावळी-साताऱ्याकडचा माणूस, पाटबंधारे खात्यात वॉचमन होते. निळू फुले पुण्यात मिलिटरीच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे. अशोक सराफ स्टेट बँकेत, अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात, काशिनाथ घाणेकर दातांचे डॉक्टर, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकलला बायोकेमिस्ट्रीत नोकरी करत नाटकं लिहीत होते. ही नावं आपण सगळे ओळखतो पण ती अशी एकाखाली एक वाचली की हॉलमधल्या पोरांचे चेहरे बदलले, मी बघत होते.

ताईंनी लेखकांचं सांगितलं ते तर माझ्या फारच जवळचं. वि. स. खांडेकर मूळ सांगलीचे, शिरोड्याला 1920 पासून जवळजवळ अठरा वर्षं शाळामास्तर, आणि त्याच काळात 1936 ला 'छाया' सिनेमाची कथा त्यांची. गदिमा आटपाडीकडचे, घरची परिस्थिती बेताची, हंस पिक्चर्स या सिनेमा कंपनीत पडेल ते काम केलं, बारीकसारीक रोल सुद्धा केले, आणि त्यातूनच पटकथा कशी उभी राहते ते शिकले, पुढे 'दो आँखें बारह हाथ'ची कथा त्यांनी लिहिली. त्यांचे भाऊ व्यंकटेश माडगूळकर पुणे आकाशवाणीवर नोकरीला. नाटककार विजय तेंडुलकर वर्तमानपत्रात. ताईंचं म्हणणं असं की शाळा, रेडिओ, पेपर इथे रोज वेळेत लिहून द्यायची सवय लागते, माणसं कशी बोलतात ते कानावर पडतं, आणि सिरियलच्या रायटरला नेमकं हेच लागतं. मला हे शंभर टक्के पटलं, कारण पतसंस्थेच्या काउंटरवर कर्जाचा हप्ता थकलेला माणूस कसा बोलतो हे मी रोज ऐकते, आणि मी लिहिलेल्या ज्या प्रसंगांना लोक गप्प होऊन बसतात ते तिथलेच असतात.

आता आजची परिस्थिती, हा भाग सगळ्या आईबापांनी ऐकण्यासारखा आहे. सिरियलमध्ये नटाला पर डे, म्हणजे दिवसाच्या हिशोबाने पैसे मिळतात, शूटिंग लागलं तर पैसे, नाही लागलं तर नाही. आणि पेमेंट साधारण नव्वद दिवसांनी येतं, त्यात टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला टॅक्स, वजा होऊन. म्हणजे नव्या पोराने मुंबईत आज काम केलं तर तीन महिने रूमचं भाडं कुठून द्यायचं हा पहिला प्रश्न! रायटिंगमध्ये कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असं बऱ्याचदा असतं, चॅनलने मधेच ट्रॅक, म्हणजे गोष्टीचा धागा, बदलला की लिहिलेलं सगळं बाजूला. ताईंनी एका सीनचे संवाद आमच्यासमोर लिहून दाखवले, मग वाढवले, मग निम्मे कापले, ते बघायला मिळालं तिथेच माझी फी वसूल झाली. 'लागिरं झालं जी' या सिरियलपासून आपल्याकडे शूटिंग वाढलंय, त्यामुळे इथे राहून, नोकरी सांभाळून छोटे रोल करता येतात, लोकेशनचं किंवा प्रॉडक्शनचं काम करत करत शिकता येतं, हे पण नीट समजावलं. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे, तिच्यात उतरा, बॅकस्टेज करा, असं सर प्रत्येक रविवारी सांगायचे.

नाही आवडलं ते पण सांगते. शेवटी शेवटी फोटो आणि इंट्रो व्हिडिओचं वेगळं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न झाला, साडेतीन हजार जादा. सरांनी स्वतःच आधी सांगितलं होतं की साधा, बिनमेकअपचा, नीट उजेडातला मोबाइलचा फोटो ऑडिशनला चालतो, मग हे कशाला? ऊसतोड नाहीतर शिफ्ट करून आलेल्या पोरांना हे परवडत नाही आणि नाही म्हणायची पण लाज वाटते, हे मला अजिबात पटलं नाही आणि मी तसं तोंडावर बोलले. दुसरं म्हणजे रायटिंगला वेळ फार कमी. अ‍ॅक्टिंगचे खेळ, आवाजाचे व्यायाम यात दिवस जातो आणि ताई बिचाऱ्या संध्याकाळी घाईत उरकतात. हॉलला पंखे कमी आहेत, उन्हाळ्याच्या बॅचला त्रास होईल. आणि फळ्यावरच्या यादीत एकही बाई नव्हती, हे मी विचारल्यावर ताई म्हणाल्या पुढच्या वेळी ती यादी मीच करते. करायलाच पाहिजे, निम्म्या हॉलमध्ये मुली बसल्या होत्या.

ज्याला महिन्याभरात टीव्हीवर दिसायचंय त्याने पैसे घालू नयेत. नोकरी-शेती करत ज्याला हे मनापासून करायचंय, किंवा ज्या आईबापांना पोराशी भांडण्याऐवजी समजून घ्यायचंय, त्यांनी जरूर जावं, पालकांना पहिला रविवार फुकट बसू देतात. पाचपैकी चार स्टार, एक फोटोच्या पॅकेजमुळे कापला. कोरेगावच्या त्या मुलाने नोकरी सोडलेली नाही, शिफ्ट बदलून घेतली आहे आणि यंदा स्पर्धेच्या एका नाटकात लाइट्सला आहे.