जुन्या डिरेलरसाठी सीलबंद बेअरिंगच्या पुल्या: घेण्याआधी व्हर्निअर काढा

सायकलचा डिरेलर म्हणजे चेन मागच्या एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग. जुना डिरेलर झिजतो तो दोन जागी: पुल्यांत (चेन ज्यांवरून जाते ती दोन छोटी दातेरी चाकं) आणि त्यांना आत-बाहेर सरकवणाऱ्या समांतर चौकटीच्या सांध्यांत. सांधे बहुतेक वेळा रिव्हेट केलेले असतात. एकदा ढिले पडले की घरगुती इलाज चालत नाही, त्याच मॉडेलचा दुसरा डिरेलर शोधावा लागतो. पुल्या मात्र आजही नव्या मिळतात. त्यांत सर्वात जास्त खपणारा प्रकार म्हणजे १० दाती, सीलबंद बेअरिंगची जोडी, सोबत दोन्ही बाजूंच्या टोप्या. पुली चांगलीच आहे. तरीही ती बसवून वैतागणारे बरेच, आणि दोष बहुतेकदा पुलीचा नसून मापाचा असतो.

आधी डिरेलर नव्या पुल्यांच्या लायकीचा आहे का ते तपासा. चेन उतरवा, केज (पुल्या धरणाऱ्या दोन पट्ट्यांचा सांगाडा) खालच्या टोकाला धरून आत-बाहेर हलवा आणि वरच्या पुलीकडे पाहा. पाच चाकांच्या फ्रीव्हीलवर (मागच्या दातेरी चाकांच्या संचावर) शेजारशेजारच्या दोन चाकांत साधारण साडेपाच मिलिमीटर अंतर असतं. वरची पुली दोन-अडीच मिलिमीटर सहज डोलत असेल, तर चेन दोन चाकांच्या मध्ये कुरकुरणारच, पुल्या कितीही भारी लावा. सिंप्लेक्स प्रेस्टीजसारख्या, डेलरिन या कडक प्लास्टिकच्या डिरेलरमध्ये सांध्यांभोवती केसासारख्या चिरा शोधा. चीर दिसली तर पैसे वाचवा. डेलरिनला इपॉक्सी धरत नाही. जोड वरून घट्ट दिसतो आणि पहिल्या जोरकस गिअरला सुटतो.

त्याच्या जागी दुसऱ्या बनावटीचा डिरेलर लावायचा विचार असेल, तर एक गोष्ट लक्षात घ्या. सिंप्लेक्सच्या हँगरच्या (फ्रेमवर डिरेलर टांगायच्या कानाच्या) भोकाला आटे नसतात. १० मिलिमीटर × १ चे आटे पाडून मागे डिरेलर अडवणारी खाच कानशीने करावी लागते. काम अर्ध्या तासाचं आहे, पण फ्रेम पुन्हा मूळ रूपात येत नाही.

आता पुल्यांकडे. जुनी पुली काढून रॉकेलमध्ये धुवा आणि मधला बुश (बोल्टभोवतीची छोटी नळी) वेगळा करा. काही पुल्यांत सुट्या गोळ्या असतात, म्हणून खाली ताट ठेवा. बुश नुसता कोरडा आणि काळवंडलेला असेल, पुलीचं भोक गोल असेल, दाते बोथट पण सरळ असतील, तर ग्रीस लावून तीच परत बसवा. नव्याची गरज नाही. भोक लंबगोल झालं असेल किंवा दाते सुळ्यासारखे एका बाजूला वळले असतील, तर बदला.

खरेदीआधी व्हर्निअरने (बारीक मापं घेणाऱ्या सरकत्या मोजपट्टीने) मोजायची मापं: बोल्टचा व्यास (बहुतेक ५ मिलिमीटर, पण जुन्या फ्रेंच मालात गृहीत धरू नका), बुशची लांबी, दात्यांची संख्या आणि दात्याची जाडी. यांतलं बुशच्या लांबीचं माप सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं. नव्या पुलीची दोन्ही टोप्यांसकटची रुंदी जुन्या बुशच्या लांबीएवढी हवी. अर्धा मिलिमीटर जास्त झाली तर केजच्या पट्ट्या फाकतात आणि बोल्टचे शेवटचे आटे धरत नाहीत. कमी झाली तर बोल्ट आवळताना पट्ट्या आत ओढल्या जातात आणि चेन त्यांना घासते. उपाय स्वस्त आहे: ५ मिलिमीटर भोकाचे, ०.१ ते ०.५ जाडीचे पातळ वॉशर. ते दोन्ही बाजूंना सारखे वाटून घाला, म्हणजे दाते केजच्या बरोबर मध्ये येतात. एकाच बाजूला कोंबले की पुली तिरकी दिसत नाही, पण चेन एका पट्टीला लागत राहते.

दात्यांची संख्या बदलण्याचा मोह अनेकांना होतो, कारण ११ दाती पुल्या सगळीकडे मिळतात. १२.७ मिलिमीटर पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) चेनवर १० दाती पुलीचा पिच व्यास सुमारे ४१.१ आणि ११ दातीचा ४५.१ येतो. म्हणजे पुलीचा कड दोन मिलिमीटर पुढे सरकतो. सनटूरने १९६४ साली आणलेल्या तिरप्या समांतर चौकटीत पुली आणि चाकांतलं अंतर सगळ्या गिअरमध्ये बरंचसं सारखं राहतं, तिथे हे बऱ्याचदा खपून जातं. कॅम्पान्योलो नुओवो रेकॉर्डसारख्या सरळ चौकटीच्या डिरेलरवर मोठ्या चाकाकडे जाताना अंतर कमी होत जातं. तिथे मोठं चाक आधीच मर्यादेजवळ असेल तर वरची पुली त्याला टेकते. शिवाय जुन्या केजच्या आतल्या वळणांना चेन घासायची भीती वेगळीच. म्हणून १० दातीच घ्या.

दात्याची जाडी चेनप्रमाणे बघा. पाच ते आठ चाकांच्या चेनमध्ये आतली रुंदी सुमारे २.४ मिलिमीटर असते, नऊपासून पुढे २.२ च्या आसपास. जुन्या जाड दात्यांवर नवी अरुंद चेन चढवली की ती दात्यांवर अडकत उचलली जाते, आणि लोक उगाच स्प्रिंगला दोष देतात.

बोटाने फिरवून पुलीची पारख करू नका. बेअरिंगचं सील थोडं घासतं, म्हणून नवी पुली हातात जड वाटते, पायडलवर फरक जाणवत नाही. उलट जी बोटाने भिंगरीसारखी फिरते तिच्यात ग्रीस कमी असायची शक्यता आहे. सुईने सील अलगद उचला आणि ग्रीस भरा. स्वस्त जोड्यांत बेअरिंग प्लास्टिकमध्ये सैल बसवलेलं आढळतं. अंगठ्याने ढकलल्यावर ते सरकलं, तर परत करा. अॅल्युमिनियमच्या दात्यांच्या पुल्या देखण्या असतात, पण आवाज करतात. डेलरिनचे दाते शांत चालतात, त्यांनाच पसंती.

शिमानोच्या १९८४ नंतरच्या क्लिक-गिअरवाल्या डिरेलरमध्ये वरची पुली मुद्दाम थोडी डावी-उजवीकडे सरकणारी असते, म्हणजे केबल किंचित चुकली तरी गिअर बसतो. तिथे ही घट्ट बेअरिंगची पुली फक्त खाली लावा. क्लिक नसलेला हातगिअर असेल तर दोन्हीकडे चालते.

बसवताना फिरण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असेल तर तो चेनच्या चालीप्रमाणे ठेवा. बोल्टला आटे धरून ठेवणाऱ्या निळ्या द्रवाचा एक थेंब पुरतो. अॅल्युमिनियमच्या केजला ३ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा, जोर केला तर आटे उपटून येतात. आवळल्यावर केजच्या पट्ट्या दोन्ही टोकांना समांतर आहेत का हे प्रकाशात धरून पाहा.

गुण द्यायचे तर पाचांपैकी चार. एक गुण डब्यात वॉशर न दिल्याबद्दल कापला. जुना बुश मात्र टाकू नका: पुढच्या खेपेला मापासाठी त्याच्याइतका भरवशाचा नमुना दुसरा नाही.