नारायणहिटी राजवाडा, काठमांडू: बघाच, पण थोडं वाचून जा

काठमांडूला जाणारी आपली मंडळी पशुपतिनाथ, बौद्धनाथ, स्वयंभूनाथ उरकतात, थमेलमध्ये रुद्राक्ष आणि पश्मिन्यासाठी घासाघीस करतात आणि परततात. आमच्या टूरवाल्याच्या कार्यक्रमातही हा राजवाडा, म्हणजे आताचं संग्रहालय, नव्हता. 'जुना बंगला हो, काय बघायचंय तिथं?' असं त्याचं मत. ग्रुप खरेदीला गेल्यावर मी आणि मिसेस दरबार मार्गानं सरळ चालत सुटलो. रस्ता थेट राजवाड्यापाशीच संपतो, विचारावंही लागत नाही.

सार्क देशांतल्या लोकांना तिकीट इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा स्वस्त आहे, त्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा. मोबाइल, कॅमेरा, पिशव्या बाहेर लॉकरमध्ये. आत फोटो काढता येत नाहीत, आणि मला विचाराल तर हे उत्तमच. लोक निदान डोळ्यांनी बघतात.

मिरजेत आमचा सोफा-पडद्यांचा धंदा, त्यामुळे नजर आधी फर्निचरवर. आत्ताची इमारत राजा महेंद्र यांनी 1960 च्या दशकात बेंजामिन पोल्क या अमेरिकन आर्किटेक्टकडून बांधून घेतली. दालनांना नेपाळच्या जिल्ह्यांची नावं. कास्की सदनात जिन्याशी पेंढा भरलेले दोन वाघ उभे आहेत. गोरखा बैठकीत सिंहासन, वर हे उंच छत आणि त्यातून लोंबणारं अवाढव्य झुंबर. इथवर सगळं राजाला शोभेल असं. मग झोपायच्या खोल्या येतात आणि माणूस चक्रावतो. बेताच्या आकाराच्या, जुन्या वळणाच्या. आपल्याकडच्या एखाद्या साखरसम्राटाची बेडरूम यापेक्षा झोकात असते.

सगळ्यांचे पाय वळतात ते मागच्या बाजूला, त्रिभुवन सदनाकडे. 1 जून 2001 च्या रात्री राजे वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि राजघराण्यातली आणखी माणसं इथं गोळ्यांना बळी पडली. मूळ इमारत नंतर पाडून टाकली. त्या जागी आता कोण कुठं पडलं ते दाखवणाऱ्या पाट्या आहेत. चौकशी समितीनं युवराज दीपेंद्र यांना जबाबदार धरलं. ते स्वतः बेशुद्धावस्थेतच राजे घोषित झाले आणि तीन दिवसांत गेले. आमचा टॅक्सीवाला यातलं काही मानायला तयार नव्हता.

आता मुद्द्याचं. बरेच जण इथून बाहेर पडतात ते 'त्या रात्री राजेशाही संपली' असं धरून. तसं नाही. त्यानंतर ती सात वर्षं टिकली. वीरेंद्र यांनी 1990 च्या जनआंदोलनापुढं नमतं घेऊन पक्ष आणि संसद मान्य केली होती, म्हणून लोकांचा त्यांच्यावर जीव. भाऊ ज्ञानेंद्र गादीवर आले ते लोकांचा संशय सोबत घेऊनच. तिकडे खेड्यापाड्यांत 1996 पासून माओवाद्यांचं युद्ध पेटलेलं, त्यात 17 हजारांच्या आसपास माणसं गेली. अशात 1 फेब्रुवारी 2005 ला ज्ञानेंद्र यांनी सरकार बरखास्त केलं, फोन बंद पाडले, पुढाऱ्यांना घरात डांबलं आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. एकमेकांचं तोंड न बघणारे सात पक्ष आणि माओवादी यामुळेच त्याच वर्षी नोव्हेंबरात एका समझोत्यावर आले. राजानंच त्यांची मोट बांधून दिली म्हणा ना. एप्रिल 2006 मध्ये 19 दिवस आंदोलन चाललं, संचारबंदी मोडून लोकांचे लोंढे रिंगरोडवर आले आणि 24 तारखेला राजाला संसद परत बोलवावी लागली.

28 मे 2008 ला संविधान सभेत 560 विरुद्ध 4 मतांनी राजेशाही गेली. ज्ञानेंद्र राजवाड्यातच पत्रकारांशी बोलून 11 जूनला बाहेर पडले, देश सोडून नव्हे, काठमांडूजवळच्या नागार्जुनला. फ्रान्स-रशियासारखा राजाचा जीव घेतला गेला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी संग्रहालयाचं उद्घाटन केलं ते पंतप्रधान आणि माओवादी नेते प्रचंड यांनी, म्हणजे राजाविरुद्ध बंदूक उचलणाऱ्यानंच! राजमुकुटही आता इथंच काचेआड आहे. त्याच्यासमोर मिसेस बराच वेळ रेंगाळल्या, ते पाचू बघून.

पुढं सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर तेही नाही. मधेशातले, म्हणजे भारताला लागून असलेल्या दक्षिणेकडच्या सपाट भागातले, रामवरण यादव पहिले राष्ट्रपती झाले, 2015 ला नवं संविधान आलं, सात प्रांत झाले. पण सरकारं बदलतच राहिली, एकाचीही पाच वर्षं पुरी नाहीत. मार्च 2025 मध्ये ज्ञानेंद्र यांच्या स्वागताला विमानतळावर हजारोंची गर्दी लोटली. त्याच सप्टेंबरात तरुण रस्त्यावर उतरले आणि पंतप्रधान ओलींचं सरकार पडलं, पण तेव्हाही राजा परत आला नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा राखून ठेवलाय, कारण ही 2005-06 ची गोष्ट ठाऊक नसेल तर हा नुसता सोफे आणि वाघ बघण्याचा कार्यक्रम होतो. दोन तास हाताशी ठेवा. चालणं बरंच आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी बेतानं. मंगळवार-बुधवारी बंद असतं, तरी निघण्यापूर्वी हॉटेलवर विचारून घ्या. लहान मुलं मात्र वाघांनंतर कंटाळतात.