स्नोशूंचा एक हिवाळा: बाकी सगळं ठीक, पट्ट्यांनी मात्र रडवलं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं एका शिखरावर गेलो तेव्हा हे स्नोशू (बर्फात पाय कमी रुतावा म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) नवे कोरे होते. आता मार्च संपतोय आणि वीसेक वेळा तरी ते पायांत चढले आहेत. त्या पहिल्या संध्याकाळी लिहायला बसले असते तर नुसता राग उतरला असता, म्हणून थांबले. कंपनीचं नाव देत नाही. या बांधणीचे जोड बरेचजण बनवतात आणि गुणदोष बहुतेक बांधणीचेच आहेत.

माझा जोड 25 इंची आहे. ॲल्युमिनियमच्या नळीची चौकट, तिच्यात ताणून बसवलेलं जाड कापड, चवड्याखाली पोलादी दाते आणि बूट आवळायला नायलॉनचे पट्टे व खटक्याचं बकल. चढावर टाचेखाली उभी करायची एक तारही आहे.

आधी एक गैरसमज काढते. स्नोशू घातले म्हणजे बर्फावरून तरंगत जाता येत नाही. ताज्या भुसभुशीत बर्फात पाय वीतभर रुततोच. नुसत्या बुटांनी तो मांडीपर्यंत गेला असता, एवढाच फरक. पण दिवसभराच्या चालीत तो फार मोठा असतो. आकार निवडताना स्वतःच्या वजनात पाठीवरच्या सॅकचं वजनही धरायचं असतं. आमच्यातला सगळ्यात धिप्पाड गडी नेमका 22 इंची जोड घेऊन आला, वर सॅकही सगळ्यात जड त्याचीच. वाट फोडायची पाळी त्याच्यावर आली की मागच्यांची चंगळ, कारण तो इतका खोल रुतायचा की आयत्या पायऱ्या तयार. दर दहा मिनिटांनी पुढचा माणूस मागे, असं ठरवलं होतं. ते पाळलं नसतं तर जंगलाच्या पट्ट्यातच संपलो असतो.

हिवाळ्याची सुरुवात हा स्नोशूंसाठी सगळ्यात वाईट काळ, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बर्फ पुरेसा साचलेला नसतो आणि बसलेलाही नसतो. वरून सगळं पांढरं सपाट, खाली धोंडे, आडवी झाडं, न गोठलेले ओहोळ. बुटक्या सूचीपर्णी झाडांवर बर्फ साचला की फांद्यांखाली पोकळी राहते. तशा एका पोकळीत मी कंबरेपर्यंत गेले आणि स्नोशू खाली फांदीत अडकला. दोघांनी हात धरून ओढलं, तिसरा फोटो काढत होता. दगडांवर घासून चौकटीचा रंग त्याच दिवशी गेला. जानेवारीनंतर त्याच वाटेवर यातलं काहीच जाणवलं नाही.

टाचेखालची तार मात्र पैसे वसूल करते. चढ तिखट झाला की काठीच्या टोकाने ती उभी करायची, पोटऱ्यांना लगेच आराम. फक्त उतारावर आठवणीने पाडा. मी विसरले आणि तोंडावर आपटले. आडव्या उतारावरून जाताना माझा जोड नापास. गोल नळी घसरते. मित्राच्या प्लास्टिकच्या जोडाला कडेनेही दाते होते, तो निवांत गेला. आणि स्नोशू घालून उलटं पाऊल टाकायला जाऊ नका, शेपूट रुततं आणि बूड जमिनीवर.

आता पट्टे. दुपारी उन्हात खायला थांबलो, बकलवरचा बर्फ वितळला. पुढे सावलीतल्या धारेवर आलो तसं ते पाणी खटक्यात गोठलं. शिखराखाली वाऱ्याने घासून टणक झालेलं कवच होतं, तिथे स्नोशू काढून बुटांना काटे लावायचे होते. बकल हलेना. जाड हातमोज्यांनी पकड मिळेना, म्हणून हातमोजे काढले. उणे 10 अंशांत ताशी 30 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ते उणे 20 सारखं लागतं. पाच मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. थर्मासमधलं गरम पाणी ओतायचा शहाणपणा केला. एक बकल सुटलं, दुसऱ्यावर ते पाणीही गोठलं. शेवटी काठीच्या मुठीने ठोकून काढलं. मैत्रिणीच्या जोडाला भोकं पाडलेले रबरी पट्टे होते. ओढले, खुंटीत अडकवले, झालं. तिने हातमोजे काढलेच नाहीत.

या गोंधळात अर्धा तास गेला. एक वाजता जिथे असू तिथून परतायचं ठरलं होतं. माथ्यावर पोचलो दीडला. डिसेंबरात अर्धा तास थोडा नसतो, शेवटचा तास डोक्यावरच्या दिव्यांवर उतरलो. सरळ घळीतून उतरलो असतो तर लवकर पोचलो असतो, असं एकजण कुरकुरला. पण त्या घळीचा उतार तिसाच्या वर होता, आणि हिमलोट बहुतेक 30 ते 45 अंशांतच सुटतात. त्यातून सुरुवातीच्या पातळ थरावर थंडी लांबली की तळाशी साखरेसारखे सुटे दाणे बनतात, वरचा बर्फ त्यांवर नीट धरत नाही. स्नोशू अशा जागी सहज घेऊन जातात, थांबवत नाहीत. आम्ही झाडीच्या धारेनेच आलो.

नंतरच्या महिन्यांत दात्यांना थोडा गंज आला, कारण दोनदा ओले तसेच पिशवीत ठेवले. फेब्रुवारीत एक पट्टा खाचेपाशी तुटला. प्लास्टिकच्या बंधपट्टीने बांधून खाली आले, तेव्हापासून सॅकमध्ये चार बंधपट्ट्या असतात. कापड मात्र कुठेही फाटलेलं नाही.

ओट्झटाल आल्प्समधल्या एका हिमनदीवर सुमारे 5,800 वर्षांपूर्वीचा स्नोशू सापडला आहे, बर्चच्या लाकडाची कडी आणि दोरी. दोरी ओली होऊन गोठली की तो माणूसही माझ्यासारखाच वैतागला असेल.

पाचपैकी गुण द्यायचे तर चौकट, दाते आणि तार यांना चार, पट्ट्यांना एक. दुकानात जाल तेव्हा जाड हातमोजे घालून, डोळे मिटून पट्टे लावून-काढून बघा. मी तिथे नुसतं वजन करून बघितलं होतं. आता याच चौकटीवर रबरी पट्टे बसवून घेतलेत. दोनदाच वापरलेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल पुढच्या हिवाळ्यात.