रिबिल्ट कॅमरी की क्लीन कोरोला?

भाची एमएससाठी न्यू जर्सीला येऊन दीड वर्ष झालं. इंटर्नशिपचं ऑफिस अशा ठिकाणी की तिथे ना ट्रेन जाते ना बस. मग एका रात्री तिनं दोन जाहिराती पाठवल्या. 2020 ची कॅमरी, रिबिल्ट टायटल, 11,500 डॉलर. 2016 ची कोरोला, क्लीन टायटल, 11,800. खाली मेसेज: "मामा, चार वर्षं नवी गाडी, तीही तीनशेनं स्वस्त. यात विचार कसला करायचा?"

कसला ते सांगतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानानं फार होतोय असं दिसलं की विमा कंपनी मालकाला पैसे देऊन मोकळी होते. गाडी 'टोटल' झाली म्हणतात ती हीच. तिच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, 'सॅल्व्हेज' हा शिक्का बसतो. ती लिलावात विकली जाते, कोणीतरी दुरुस्त करतं, राज्याची तपासणी होते आणि शिक्का बदलून 'रिबिल्ट' होतो. क्लीन मात्र पुन्हा कधीच होत नाही. 'फार खर्च' म्हणजे किती, हे राज्यागणिक बदलतं: टेक्सासमध्ये किमतीच्या 100 टक्के, फ्लोरिडात 80, न्यूयॉर्कमध्ये 75. (भारतातही विमावाले आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर टोटल लॉस धरतात, पण आरसीवर असा शिक्का आपल्याकडे नसतो. जुनी गाडी घेणाऱ्याला पत्ताच लागत नाही.)

यातून एक गोष्ट निघते, ती जाहिरातीत दिसत नाही. पंधरा वर्षांची, तीन हजाराची गाडी एक दार आणि बंपर चेपले तरी टोटल होते. कॅमरी तशी नव्हे. क्लीन असती तर ती साधारण 18,000 ला गेली असती. 75 टक्के धरले तरी साडेतेरा हजारांचं नुकसान झालेलं असणार. आता विकणाऱ्याच्या बाजूनं हिशेब करा. लिलावात त्यानं ती पाच-सहा हजाराला उचलली असेल, वर नफा हवा, आणि विकतोय साडेअकराला. म्हणजे दुरुस्तीला गेले जेमतेम तीन-चार हजार. मधले नऊ-दहा हजार कुठे वाचले? थोडे प्रामाणिकपणेही वाचतात, कारण विमा कंपनी बहुधा नवे पार्ट आणि मोठ्या गॅरेजची मजुरी धरते, तर हा भंगारातलं दार आणून स्वतः बसवतो. पण बाकीचे?

मला धास्ती असते ती एअरबॅगची. जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं, एनएचटीएसएनं, इशारा दिला होता: अपघातानंतर बदललेल्या एअरबॅगमध्ये बसवलेल्या स्वस्त, निकृष्ट इन्फ्लेटरमुळे (एअरबॅग फुगवणारा भाग) आधीच्या नऊ महिन्यांत तीन माणसं गेली आणि दोघं गंभीर जखमी झाली. एरवी ज्यातून वाचली असती अशा अपघातांत धातूचे तुकडे उडून अंगात घुसले. काही महाभाग तर एअरबॅग बसवतच नाहीत, कव्हर चिकटवतात आणि डॅशबोर्डवरचा दिवा मारून टाकतात. म्हणून इग्निशन ऑन करताना एअरबॅगच्या दिव्याकडे बघायचं. तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड आहे. लागलाच नाही, तर कोणीतरी हात घातलेला असू शकतो.

"पण तपासणी पास आहे ना?" भाचीचा पुढचा प्रश्न. तपासणी कशाची, ते विचार. न्यूयॉर्कमधली सॅल्व्हेज तपासणी मुख्यतः चोरीचे पार्ट लागले नाहीत ना, एवढंच पाहते.

रिबिल्ट सगळ्याच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. माझ्या एका मित्रानं डॅलसमध्ये गारपिटीत टोटल झालेली अकॉर्ड घेतली. बॉनेट आप्पेपात्रासारखं, छतही तसंच, पण इंजिन, चासी, एअरबॅग यांना धक्का नाही. नऊ वर्षं वापरली आणि शेवटी भंगारातच दिली. चोरीला जाऊन उशिरा सापडलेली गाडीही कधीकधी चांगली निघते. अपघातातली असेल तर आधीचे फोटो बघितल्याशिवाय बोलायचंच नाही. आणि पुरातली फुकट मिळाली तरी नको. वायरिंगच्या जोडांत शिरलेलं पाणी आज त्रास देत नाही, सहा महिन्यांनी देतं. सँडी (2012) आणि हार्वी (2017) या वादळांनंतर अशा गाड्या देशभर पसरल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला चिखलाची रेघ दिसली की नमस्कार करून निघायचं. दुसऱ्या राज्यात नोंदणी करून शिक्का धुऊन काढणारेही असतात, म्हणून व्हिन नंबर (गाडीचा चासी क्रमांक) टाकून एनएमव्हीटीआयएसचा, म्हणजे टायटलच्या देशव्यापी नोंदींचा, रिपोर्ट काढायचा. काही डॉलरचं काम.

विम्याचं थोडक्यात: लायबिलिटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, मिळतो. स्वतःच्या गाडीची भरपाई देणारा विमा काही कंपन्या देतच नाहीत, आणि देतात त्या पुन्हा टोटल झाल्यावर रिबिल्टचाच भाव धरतात. कर्जाला मोठ्या बँका बहुधा नाही म्हणतात, एखादी क्रेडिट युनियन (सभासदांची पतपेढी) हो म्हणते. कंपनीची वॉरंटी सहसा संपलेली असते.

विकायची वेळ येते तेव्हा खरा फरक पडतो. रिबिल्टला 20 ते 40 टक्के भाव कमी मिळतो असं धरतात. घेताना जो फायदा झाला तोच विकताना पुढच्याला द्यायचा, आणि पुढचा मिळेपर्यंत थांबायचं. गाडी मोडेपर्यंत वापरणाऱ्याला याचं काही नाही. भाचीचं तसं नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी लागली नाही तर दोन-तीन वर्षांत सगळं आवरून निघायचं, तेही हातात थोडेच दिवस असताना. कोरोला तेवढ्या दिवसांत बहुतेक खपेल. कॅमरीसाठी मात्र कोणाकडे तरी चावी ठेवून विमानात बसावं लागेल.

माझं मत कोरोला. अर्थात क्लीन टायटल म्हणजे गाडी निरोगी असं नाही, विम्यात न दाखवलेला अपघात कागदावर येत नाही. तिलाही ओळखीच्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवायचं, दीडशे-दोनशे डॉलर जाऊ देत.

भाचीचा जीव तरी कॅमरीत अडकलेला. म्हटलं, एक कर. लिलावातले, दुरुस्तीआधीचे फोटो माग. विकणाऱ्याकडे ते असतात, फोटो बघूनच तर त्यानं बोली लावलेली असते. तिनं मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच जाहिरातीत किंमत 10,900 झाली होती.

शनिवारी आम्ही कोरोला बघायला जातोय.