‘म्युझिक फॉर 18 म्युझिशियन्स’ (ईसीएम रेकॉर्ड कंपनी, 1978): एलपी नको, सीडी घ्या
अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांची ही रचना अमेरिकन चित्रकार सॉल लेविट यांच्या भित्तिचित्रांशेजारी ठेवून ऐकावी. लेविट सूचना लिहीत, भिंतीवर रेघा बहुधा दुसरेच ओढत. नियम साधा, परिणाम दाट. इथेही सुरुवातीला 11 स्वरसंगती (कॉर्ड्स) ओळीने येतात, मग एकेकीवर एक विभाग उभा राहतो. वादकांना संचालक (कंडक्टर) नाही, बदलाचा इशारा व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य देतं. तो इशारा कानाने पकडला की सांगाडा उलगडतो. एलपीवर हे सुमारे 56 मिनिटांचं संगीत बाजू उलटताना तुटतं, आणि अखंडता हाच तर याचा जीव! आवाज फार कमी ठेवलात तर बास क्लॅरिनेट या खर्जातल्या फुंकवाद्याची श्वासागणिक चढती-उतरती स्पंदनं हरवतात, उरते नुसती किणकिण. हेडफोनवर चालेल, फोनच्या स्पीकरवर अजिबात नाही.